ब्राउझरची भाषा आणि रूपांतराची किंमत

१९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा घडविली. पुढे दीर्घकाळ सर्व प्रमुख ब्राउझरना समजणारी तीच एक भाषा राहिली. त्यामुळे अन्य भाषांतील आज्ञावलीचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणारी साधने निर्माण झाली. २००६ मध्ये गूगलने जावासाठी असे साधन दिले; २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टची टाइपस्क्रिप्ट आली.

याचे लाभ उघड आहेत. परिचित भाषा वापरता येते. टाइपस्क्रिप्टमध्ये अनेक चुका आज्ञावली चालण्यापूर्वीच लक्षात येतात. मात्र रूपांतरित आज्ञावली बहुधा दुर्बोध असते. दोष मूळ ओळीशी जुळविण्यासाठी वेगळा नकाशा लागतो. मूळ भाषेची सहायक सामग्री सोबत पाठवावी लागल्यास फाइल मोठी होते आणि तिचा भार मंद जोडणी व स्वस्त मोबाइल असलेल्या नागरिकावर पडतो.

२०१९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने वेबअसेंब्लीला अधिकृत मानकाचा दर्जा दिला. सी, रस्ट यांसारख्या भाषांतील जड आकडेमोडीस ती उपयुक्त ठरते. तथापि पानावरील मजकूर बदलण्यासाठी तिलाही सामान्यतः जावास्क्रिप्टचाच आधार घ्यावा लागतो.

तात्पर्य, साधन निवडताना विकसकाची सोय आणि वापरकर्त्याचा खर्च या दोहोंचा समतोल साधणे आवश्यक आहे.