सायलेन्सर घरी बनवताना

(गणेशोत्सवातील युवक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



झाशीतल्या आपल्या या व्यासपीठावर साहित्य, संगीत, आरोग्य अशा विषयांवर विद्वान मंडळी बोलतात. मी रेल्वेतला डिप्लोमावाला माणूस, त्यामुळे विषयही लोखंडाचाच घेतला आहे : मोटारसायकलचा सायलेन्सर कमी खर्चात स्वतः कसा बनवावा. आपल्या कॉलनीतल्या बऱ्याच मुलांकडे वडिलांची नाहीतर काकांची जुनी गाडी आहे. सायलेन्सर गंजून फाटला की नवा परवडत नाही, म्हणून बाजारातला फटफटणारा पोकळ डबा बसवला जातो. त्याला तिसरा पर्याय आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू या. सायलेन्सर म्हणजे नुसते धुराचे नळकांडे नव्हे, तो इंजिनाचाच भाग आहे. आम्हा रेल्वेवाल्यांना हे नवे नाही. वाफेच्या इंजिनात काम करून सुटलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर काढत. त्या ओढीने भट्टीत हवा खेचली जाई आणि आग फुले. डिझेल इंजिनात बाहेर पडणाऱ्या वायूवर टर्बोचार्जर फिरतो. मोटारसायकलमध्ये हे काम दाबाची लाट करते. व्हॉल्व्ह उघडला की ती नळीतून सुटते आणि नळी जिथे रुंद होते तिथून मागे फिरते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटर असतो. नळी ७५ सेंटिमीटर असेल, तर जाऊन परत यायला तिला ३ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर तेवढ्यात क्रँक फेऱ्याचे तीन-अष्टमांश फिरून जातो. म्हणून नळी चार बोटे आखूड केली तरी हिशेब बदलतो.

हा हिशेब किती मोलाचा असतो ते पाहा. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाचे अभियंता होते. त्यांच्या १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिनाने १९६१ साली २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला २००. त्यात मोठा वाटा शंकूच्या आकाराच्या एक्झॉस्टचा होता. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला आणि ती विद्या सुझुकीला मिळाली. १९६२ साली सुझुकीने ५० सीसीचे जागतिक विजेतेपद पटकावले. पत्र्याच्या नळीचा आकार एवढा महाग असतो!

आता आपल्या कामाकडे येऊ. ज्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे तिच्या सायलेन्सरला हात लावू नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू असतात आणि धुरातले विष तेच कमी करतात. मी सांगतो आहे ते कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या कार्बोरेटरच्या फोर-स्ट्रोक गाडीबद्दल.

पहिले काम मापाचे. जुना सायलेन्सर फेकू नका, उभा चिरून आत पाहा. नळीचा व्यास, लांबी, कप्पे किती आणि भोके केवढी, हे सगळे वहीत उतरवा. कंपनीने त्या मापांवर मेहनत घेतलेली असते, ती आपल्याला फुकट मिळते.

बेंड पाइपला दीड मिलिमीटर जाडीची आणि बाहेरच्या डब्याला सव्वा मिलिमीटरची साधी पोलादी नळी-पत्रा पुरतो. पाण्याच्या नळाचा जस्त चढवलेला पाइप स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जाऊन हीव भरून ताप येतो. वाकवण्याचे यंत्र नसेल तर नळीत वाळू ठासून, तापवून वाकवावी. पण वाळू अगदी कोरडी हवी. ओली असेल तर वाफेने बूच गोळीसारखे उडते.

रुळांच्या सांध्यात आपण फट का ठेवतो? तेच इथे. ७० सेंटिमीटरची पोलादी नळी ५०० अंशांपर्यंत तापली की सुमारे ४ मिलिमीटर वाढते. दोन्ही टोके आवळून टाकलीत तर वेल्ड तडकणार. म्हणून डब्याशी सरकता सांधा आणि मागच्या पकडीला रबर हवेच.

गाडीवर फक्त टाके मारून जागा पक्की करा. त्यापूर्वी पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा आणि बॅटरी सोडा. पूर्ण वेल्डिंग काढून घेऊनच करावे. मग एक टोक बंद करून आत हवा भरा आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावा. बुडबुडा आला तिथे गळती. इंजिनाजवळ गळती राहिली तर थ्रॉटल सोडताच फटाके वाजतात.

आणखी एक. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. घर ते बाजार एवढीच गाडी फिरली तर ते डब्यात साचते आणि डबा आतून कुजतो. सर्वांत खालच्या बिंदूला बारीक भोक ठेवा आणि आठवड्यातून एकदा गाडी चांगली तापेपर्यंत चालवा.

पैसे वाचवायचे ते क्रोम, पॉलिश आणि स्टिकरमध्ये. गॅस्केट, वेल्डिंग, रबर आणि आतले कप्पे यांत कंजुषी नको. कप्पे काढले की गाडी पळते असे पुष्कळांना वाटते. पळतो तो आवाज. वर २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर आवाजाचे आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे वाचवलेले सगळे गेले.

पण मला दंडाची भीती घालायची नाही. आपल्या कॉलनीत भर दुपारी खिडक्यांना जाड पडदे लावून कोण झोपलेले असते? रात्रपाळी करून आलेला लोको पायलट. रात्री पुन्हा हजार-दीड हजार माणसे त्याच्या मागे निर्धास्त झोपणार असतात. आपल्या फटफटीने त्याची झोप मोडली, तर ती उणीव कुठल्या सिग्नलवर भरून निघेल?

म्हणून, मित्रांनो, हाताने काम जरूर करा. हात काळे होण्यात कमीपणा नाही. मात्र आपण बनवलेला सायलेन्सर चांगला झाला की नाही, हे त्या झोपलेल्या माणसावरून ठरवा. गाडी त्याच्या खिडकीखालून गेली आणि त्याने कूसही बदलली नाही, तर काम उत्तम झाले असे समजा.