दुकानाची वही आणि तिची किल्ली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं परभणीच्या बाजारपेठेंतून फेरी मारली, तर दुकानोदुकानीं नव्या वहीवर हळदकुंकू वाहिलेलें दिसतें. आणि अलीकडे तिच्या शेजारच्या संगणकालाहि एखादें फूल मिळतें. ज्यांत वर्षाचा हिशेब राहतो त्याची पूजा करावी, ही रीत जुनीच आहे. परंतु वहीच्या कपाटाची किल्ली मालकाच्या कमरेला असे. संगणकांतील हिशेबाची किल्ली कोणाच्या हातीं आहे, हा प्रश्न मात्र फार थोड्यांच्या मनांत येतो.

परभणी जिल्ह्याला हा प्रश्न सर्वस्वीं नवा नाहीं. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. हाली आणि कलदार असे दोन रुपये व्यवहारांत, कचेरीची भाषा उर्दू, आणि पेढीवरील वह्या मोडींत किंवा मारवाडी मुनिमाच्या महाजनी लिपींत. ती लिपि ज्याला वाचतां येई त्याच्याच हातीं पेढीचें मर्म राही. घरांतील कर्ता पुरुष अकस्मात् गेला, तर कोणाकडून किती येणें आहे हें त्याच्या पत्नीला मुनीम सांगेल तेवढेंच कळे. मुनीम सज्जन असला तर घर तरे; नसला तर वही समोर उघडी असूनहि घर बुडे.

आजचें दुकानाचें सॉफ्टवेअर हा असाच एक मुनीम होय. गल्ल्यावर बिल करणें, शिल्लक माल सांगणें, उधारी लिहिणें आणि कराचें विवरण जुळविणें, हीं त्याचीं कामें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाला, आणि लहानसहान व्यापाऱ्यांनाहि त्याची निकड भासूं लागली. आपल्याकडे या कामीं टॅली हें नांव अत्यंत परिचित आहे. तें बंगळूरच्या एका कंपनीचें असून त्याचें मूळ लेखन, म्हणजे सोर्स कोड, कंपनीच्याच स्वाधीन असतें. पुष्कळांचें काम त्यावर उत्तम चालतें, हेंहि खरें.

याहून निराळा एक संप्रदाय आहे. ज्याच्या यंत्रावर सॉफ्टवेअर चालतें त्याला तें वाचण्याचा, बदलण्याचा व दुसऱ्यास देण्याचा अधिकार असावा, असा विचार अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं मांडला. त्याच वाटेनें पुढें ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत, सॉफ्टवेअर वाढलें. येथें मुक्त म्हणजे फुकट, अशी समजूत मात्र करून घेऊं नये. परवान्याचे पैसे पडले नाहींत, तरी यंत्र, तें बसविणारा जाणकार, गल्ल्यावरील नोकराचें शिक्षण आणि हिशेबाची रोजची नक्कल यांचा खर्च चुकत नाहीं.

या संप्रदायांतील तीन नांवें दुकानदारानें ऐकून ठेवावींत. पहिलें ईआरपीनेक्स्ट. हें मुंबईंत जन्मलें. ऋषभ मेहता यांच्या फ्रॅपे या कंपनीनें तें वाढविलें. जमाखर्च, साठा, खरेदी, पगार व गल्ल्यावरील बिल हीं सर्व अंगें त्यांत एकत्र आहेत, आणि भारतीय करासाठीं लागणारी जोडहि मुक्तस्रोतच आहे. दुसरें ओडू. बेल्जियममध्यें २००५ सालीं निराळ्या नांवानें त्याचा आरंभ झाला. २०१४ सालीं त्याला हें नांव मिळालें. त्याचा गल्ला हाताळण्यास सुबक असून इंटरनेट मध्येंच तुटलें तरी चालू विक्री अडत नाहीं. परंतु त्याच्या दोन आवृत्ति आहेत. मुक्त आवृत्तींत बिलें करतां येतात, आणि कंपनीनें केलेलें संपूर्ण जमाखर्चाचें अंग विकतच्या आवृत्तींत आहे. तिसरें युनिसेंटा. स्पेनमधील ओपनब्राव्होच्या गल्ल्यापासून तें निघालें. तें दुकानांतील संगणकावरच बसतें. बिल आणि साठा एवढेंच त्याचें क्षेत्र. जमाखर्चाची खतावणी निराळी ठेवावी लागते, आणि आपल्या कराचे तक्ते जाणकाराकडून जुळवून घ्यावे लागतात.

यांत श्रेष्ठ कोणतें, असें विचारणें व्यर्थ आहे. दुकान कोणतें, हें आधीं पाहावें. गंगाखेडला एका गल्ल्याचें किराणा दुकान असेल, तर युनिसेंटासारखें साधें साधन पुरेल. सेलू किंवा मानवत येथें बियाणें, खतें व औषधें विकणारा व्यापारी असेल, दोन गोदामें असतील, प्रत्येक औषधाची मुदत पाहावी लागत असेल आणि सोयाबीन व कापूस घरीं येईपर्यंत शेतकऱ्याची उधारी सांभाळावयाची असेल, तर ईआरपीनेक्स्टची व्यापक मांडणी त्याला उपयोगी पडेल. मात्र त्याचा गल्ला सर्व्हरशीं जोडलेला असावा लागतो. म्हणून सर्व्हर दुकानांतच ठेवावा आणि वीज गेल्यास तग धरणारी बॅटरी जवळ असावी, हें इष्ट. शिवाय टॅली जाणणारा हिशेबनीस तालुक्याच्या गांवींहि भेटतो. ईआरपीनेक्स्ट जाणणारा शोधावा लागतो. ही अडचण लहान नाहीं.

आणखी एक सावधगिरी अवश्य आहे. मूळ लेखन बदलतां येतें, म्हणून लिहिलेला हिशेब बदलावा, असा याचा अर्थ नव्हे. कंपनी म्हणून नोंदलेल्या धंद्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराचा माग ठेवणारें आणि तो माग बंद करतां न येणारें सॉफ्टवेअर वापरणें बंधनकारक झालें आहे.

मुक्तस्रोताचा खरा लाभ असा कीं, बसविणारा गांव सोडून गेला तरी दुसरा जाणकार तेंच लेखन वाचून काम पुढें चालवूं शकतो. परंतु हा लाभ आपोआप पदरांत पडत नाहीं. लेखन साऱ्या जगाला खुलें आणि दुकानाचा पासवर्ड मात्र बसविणाऱ्याच्याच खिशांत, अशी स्थिति असेल, तर तो महाजनी मुनीम नव्या वेषांत परत आला असेंच समजावें. उलट, सॉफ्टवेअर विकतचें असूनहि सर्व हिशेब साध्या तक्त्यांत बाहेर काढतां येत असेल, त्याची नक्कल घरच्या कपाटांत असेल आणि पासवर्ड घरांतील दोघांना ठाऊक असेल, तर तें घर पुष्कळ सुरक्षित आहे.

म्हणून निवड करण्यापूर्वीं दुकानदारानें एक परीक्षा करून पाहावी. एके रात्रीं दुकान बंद झाल्यावर स्वतः बाजूला बसावें, आणि कोणाकडून किती येणें आहे याची यादी पत्नीला किंवा मुलीला काढावयास सांगावी. ती यादी बाहेरच्या माणसाच्या मदतीवांचून कागदावर उतरली, तर तें सॉफ्टवेअर दुकानाचें झालें. न उतरली, तर त्याची किंमत कितीहि कमी असो, तें अजून परक्याचेंच आहे. आणि येत्या लक्ष्मीपूजनापूर्वीं ही उणीव भरून काढावयास पाहिजे.