रात्रपाळीची माणसे



अर्धांगवायूनंतर माझ्या वडीलबंधूंना 16 खोल्यांच्या एका वृद्धनिवासात ठेवले, तेव्हा पेढीवर येणारे लोक माझ्याकडे रोखून पाहत. मलाही ते सलत होतेच. घरी सुना त्यांचे सर्व काही प्रेमाने करीत. सदऱ्याची गुंडीसुद्धा लावू देत नसत. तेथील सेविका स्नानाला धरून नेते, गुंडीच्या वेळी मात्र नुसती शेजारी उभी राहते. दादा एका हाताने खटपट करतात, दहा मिनिटे जातात. ती घाई करीत नाही.

दादांचा चौविहार. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाचलाच पान वाढतात. रात्रीच्या गोळीची वेळ डॉक्टरांनीच बदलून दिली.

मी वाणिज्य शाखेचा, हिशेब पाहिल्याशिवाय राहवत नाही. तेथे सर्वांत जड रक्कम रात्री जागणाऱ्या सेविकांच्या पगाराची आहे. आपल्या ट्रस्टनेही असे निवास काढावे. मात्र देणगीदारांनी खोलीवर नावाची पाटी मागण्यापूर्वी अशा एका सेविकेचा वर्षाचा पगार उचलावा, ही विनंती. पहिला माझ्या नावे लिहून घ्यावा.