थोडं लांबून पाहा



गेली बरीच वर्षं मी शाळकरी मुलांना क्रिकेट शिकवतो आहे. मागच्या हिवाळ्यातली एक सकाळ सांगतो. १४ वर्षांखालच्या संघाची निवड चाचणी होती. एक मुलगा २२ धावांवर बाद होऊन परत आला, मैदानाच्या कडेला बसला आणि पॅड सोडायला लागला. पॅडला पट्टे असतात जेमतेम तीन. याचे अर्ध्या तासानंतरही सुटले नव्हते. एक सोडायचा, पाणी प्यायचं, पुन्हा तोच लावायचा. मला वाटलं, पायाला लागलंय. जवळ जाऊन विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, "सर, बाबा गेटपाशी थांबलेत."

बाबा थांबलेच होते. माणूस अतिशय मायाळू. मुलाच्या चाचणीसाठी कामावर खाडा करून आलेला. त्यांनी किट बॅग उचलून स्कूटरवर पुढे ठेवली आणि मुलगा मागे बसायच्या आत म्हणाले, "अरे, तो बॉल सोडायचा होता ना?"

क्रिकेट म्हणून पाहिलं तर बोलणं अगदी बरोबर होतं. चेंडू सोडायलाच हवा होता. पण हे मुलालाही ठाऊक असतं. तंबूत परतताना तो चेंडू त्याने मनात दहा वेळा खेळलेला असतो. छाती अजून धडधडत असते. त्या घटकेला त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं, की मी बाद झालो तरी बाबा माझ्याशी सकाळसारखेच आहेत ना? आणि त्याच्या वाट्याला येतो पुन्हा तोच चेंडू.

हे जिंकणाऱ्यांनाही चुकत नाही. टेनिसपटू आंद्रे आगासीने १९९२ साली विम्बल्डन जिंकलं. लास वेगासच्या घरामागे वडिलांनी टेनिस कोर्ट बांधलं होतं, चेंडू फेकणारं यंत्र बसवलं होतं आणि लहानग्या आंद्रेने रोज अडीच हजार चेंडू मारायचे असा हिशेब होता. विम्बल्डनची अंतिम लढत पाच सेटची झाली, त्यातला चौथा सेट तो १-६ असा हरला होता. जिंकल्यावर त्याने घरी फोन लावला, तेव्हा वडील बोलले ते त्या चौथ्या सेटबद्दल. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवलं, की आपल्याला टेनिसचा तिटकारा होता. आठ ग्रँड स्लॅम जिंकलेला माणूस हे लिहितो!

आता आपल्या शिवाजी पार्कवर या. १९८४ चा उन्हाळा. ११ वर्षांच्या सचिन तेंडुलकरला त्याचा मोठा भाऊ अजित क्रिकेट प्रशिक्षक आचरेकर सरांकडे घेऊन गेला. सर बघताहेत म्हटल्यावर सचिन बिचकला, बॅटवर चेंडू नीट येईना. अजितने सरांना विनंती केली, की तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून पाहा. सरांनी ऐकलं. नजर हटली आणि पोरगा मोकळेपणाने खेळला. मला ही गोष्ट सचिनच्या शतकांइतकीच मोलाची वाटते. आणि त्याचे वडील, रमेश तेंडुलकर, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. क्रिकेटसाठी शाळा बदलायची वेळ आली, तेव्हा त्यांनी निर्णय मुलावर सोपवला.

नॉर्वेने तर हे लांब उभं राहणं नियमातच घातलं आहे. मुलांच्या खेळाचे नियम तिथे १९८७ पासून आहेत. वयाच्या ११ व्या वर्षापर्यंत गुणतक्ते नाहीत, क्रमवारी नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १३ व्या वर्षापर्यंत नाही. मग खेळाडू घडतात का? जेमतेम ५५ लाखांच्या या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं मिळवली, सगळ्या देशांत जास्त.

आपल्याकडे खेळामागे घराचं फार काही पणाला लागलेलं असतं, हे मी जाणतो. कर्ज काढून किट घेणारे, मुलासाठी गाव सोडून मुंबई-पुण्यात खोली घेणारे आई-वडील मी पाहिले आहेत. त्यांच्या कष्टांपुढे मी हात जोडतो. पण त्या खर्चाचा आकडा मुलाच्या कानावर रोज पडू लागला, की मूल दुखणं लपवायला लागतं. वेगवान गोलंदाजी करणारी १३-१४ वर्षांची पोरं पाठ दुखत असताना गप्प राहतात आणि कण्याच्या हाडाला तडा गेल्यावर आपल्याला कळतं.

मुलांवरचं दडपण असंही दिसतं: सामन्याच्या सकाळीच पोट दुखतं, रात्री झोप येत नाही, ग्लोव्हज "विसरून" राहतात, हरल्यावर घरी यायला उशीर होतो. हे आळशीपणावर ढकलू नका. असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. केंद्र सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि येत्या रविवारी तुमच्या मुलाची किंवा मुलीची मॅच असेल, तर माझं एक ऐका. जरूर जा, पण जाळीला चिकटून उभे राहू नका. खेळ संपल्यावर चेंडूचा विषय तुम्ही काढू नका. त्यांना वाटेल तेव्हा ती काढतील. गाडीवर बसताना फक्त विचारा, भूक लागली का?