वडिलांचे लेथ यंत्र आणि घरची वीज



वडिलांच्या पश्चात त्यांचे लेथ यंत्र घरी आणावे, तर घरी वीज सिंगल फेज. म्हणून ते मोडीच्या भावाने विकले गेल्याचे आम्ही आपल्या कारागीर ज्ञातीत पाहिले आहे. ही हानि टाळता येते.

थ्री फेज मोटरला एकच फेज दिल्यास ती जागची हलत नाही. गुणगुणते, तापते व जळते. उतावळेपणाने अशी एक मोटर आम्हीही जाळली आहे. कपॅसिटरच्या साहाय्याने ती फिरते, परंतु पूर्ण शक्ति देत नाही. व्हीएफडी हे उपकरण मात्र एका फेजातून तीन फेज निर्माण करते. त्याचा दाब २३० व्होल्टच असल्याने ४१५ व्होल्टांची, स्टारमध्ये जोडलेली लहान मोटर डेल्टामध्ये जोडून घ्यावी लागते. वीज बंद केल्यावरही त्याच्या आत काही मिनिटे प्राणघातक विद्युत्‌भार राहतो. सबब जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करवावी व घराचा मंजूर भारही तपासावा.

यंत्र विकण्यापूर्वी मोटरवरील पाटी एकवार वाचावी, एवढीच आमची नम्र विनंती.