संगणकातला वाद्यवृंद आणि त्यामागची माणसे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)



आपल्या घरांतून अलीकडे एक नवे दृश्य दिसू लागले आहे. मुलगा किंवा मुलगी कानाला हेडफोन लावून संगणकासमोर तासन्‌तास बसते. समोर एक छोटा की-बोर्ड असतो आणि आतून म्हणे शंभर वादकांचा वाद्यवृंद वाजत असतो. वडील विचारतात, "हा अभ्यास आहे की खेळ?" प्रश्न रास्त आहे. फीचे पैसे त्यांना जुळवावे लागतात. तेव्हा ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावे, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. संगीताच्या बाबतीत आपल्यात मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. ज्या घरात हे नको असेल त्या घराने आपल्या आलिमांचे ऐकावे. परंतु ही विद्याच आपल्याला परकी आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. दहाव्या शतकात फाराबीने ‘किताब अल-मूसीकी अल-कबीर’ हा ग्रंथ लिहिला, तो स्वरांचे गणित मांडण्यासाठी. आणि अल्लादिया खाँसाहेबांचे कोल्हापूर व अब्दुल करीम खाँसाहेबांचे मिरज ही तर आपल्या उंबरठ्यावरचीच गावे आहेत.

आता मूळ विषय. संगणकातला हा वाद्यवृंद यंत्राने निर्माण केलेला नसतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. खऱ्या व्हायोलिनवादकांना दालनात बसवून त्यांच्याकडून एकेक स्वर वाजवून घेतात; हळू, मध्यम, जोरात, लांब, तुटक, बोटाने छेडून, गज थरथरवून. असे हजारो तुकडे ध्वनिमुद्रित करून साठवतात. आपण की-बोर्डची पट्टी दाबली की त्यांतला योग्य तुकडा वाजतो. कल्पना जुनीच आहे. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन नावाचे वाद्य निघाले. त्यात प्रत्येक पट्टीमागे ध्वनिफितीचा एक तुकडा असे आणि तो आठेक सेकंदांत संपे. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील फेअरलाइटने हेच काम संगणकी पद्धतीने केले. पुढे २००० च्या सुमारास व्हिएन्नातील हर्ब टुकमांडल ह्या चेलोवादकाने आपल्या शहरातील वादकांचा एकेक स्वर साठवण्याचा प्रचंड उद्योग आरंभला. तात्पर्य, पट्टीमागे माणूस आहे. कधीतरी कोणीतरी तो स्वर आपल्या हाताने किंवा श्वासाने काढलेला आहे.

मग नवशिक्याने रचलेले संगीत खेळण्यातल्या बाजासारखे का वाजते? वाद्ये तर अस्सल आहेत!

आपल्या पेटीचे उदाहरण घ्या. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि १९७१ मध्ये ती अंशतः उठवली. पेटीवर मुख्य आक्षेप असा की, तिच्यात एका स्वरातून दुसऱ्यात मींड घेता येत नाही. स्वर सुटे सुटे पडतात. संगणकाच्या पट्ट्यांचे दुखणे नेमके हेच आहे. खरा वादक एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये काहीतरी घडते: गज वळतो, बोट सरकते, श्वास जोडला जातो. म्हणून चांगल्या संग्रहांत दोन स्वरांमधला हा सांधाही निराळा मुद्रित केलेला असतो. तो केव्हा वापरायचा आणि केव्हा नाही, हे मात्र यंत्र सांगत नाही.

दुसरे, जोर. ट्रम्पेट जोरात फुंकला की आवाज मोठा होतो एवढेच नव्हे, त्याचा रंगच बदलतो. तो चकाकू लागतो. नवशिका नुसता आवाज वाढवतो आणि हळू वाजवलेला ट्रम्पेट मोठ्याने ऐकू येतो. कान लगेच ओळखतो की काहीतरी खोटे आहे. ह्यासाठी की-बोर्डवर एक चाक असते. शून्यापासून १२७ पर्यंत त्याचे अंश. उजव्या हाताने स्वर वाजवताना डाव्या हाताने हे चाक सतत हलवत राहायचे, म्हणजे लांब स्वर फुगतो, ओसरतो. माझ्या मते निम्मी विद्या ह्या डाव्या हातात आहे. आपल्या पेटीवाल्याचा भाता आठवा. तोही डाव्या हातानेच चालतो.

आता खरी मौजेची बाजू. वाद्यवृंद लिहिणाऱ्याला वादकाचे शरीर माहीत असावे लागते. व्हायोलिनच्या सर्वांत जाड तारेखाली स्वर नाही. काही संग्रह तेथे पट्टी दाबली की गप्प बसतात, म्हणजे तेवढे तरी शिकवतात! पाश्चात्य बासरी खालच्या सप्तकात दुबळी असते. तिच्यासमोर तीन ट्रम्पेट ठेवले तर संगणक आवाज वाढवून देईल, पण सभागृहात ती बुडेल. क्लॅरिनेटवाल्याला दम घ्यावा लागतो. यंत्राला धाप लागत नाही, म्हणून लिहिणाऱ्याने त्याच्या वतीने श्वासाची जागा सोडायची असते. ट्रॉम्बोनला लांब नळी पुढेमागे सरकवावी लागते, काही स्वरांना हात पुरता ताणावा लागतो. तेथे झरझर ताना लिहिणे हा त्या माणसावर अन्याय आहे. आणि सर्वांत हमखास घोटाळा हा: मोठ्या वाद्यवृंदात पहिल्या व्हायोलिनचे सुमारे १६ वादक असतात. त्या सोळा जणांच्या मुद्रणावर तुम्ही तीन स्वर एकदम दाबले, की ४८ व्हायोलिने झाली. ऐकणाऱ्याला भव्यता वाटत नाही, गलबला वाटतो. खऱ्या वाद्यवृंदात तेच सोळा जण तीन गटांत वाटले जातात आणि आवाज पातळ, रेशमी होतो.

वेळेचेही असेच. संगणकाला सांगितले तर तो प्रत्येक स्वर अचूक मात्रेवर बसवून देतो, आणि तेथेच संगीत मरते. सोळा माणसे एका क्षणी गज टेकवीत नाहीत. शिवाय तंतुवाद्याचा मृदू स्वर उमलायला वेळ घेतो, म्हणून तो मात्रेच्या किंचित आधी ठेवावा लागतो. किती आधी? ते कानाने ठरवावे. एकच स्वर भराभर वाजवायचा असेल तर दर वेळी निराळे मुद्रण वापरणारी सोयही असते. ती नसली की बंदुकीच्या फैरीसारखा आवाज येतो.

विद्यार्थी विचारतील, सुरुवात कशी करावी? खुशखती शिकणारा आधी उस्तादाच्या अक्षरावर मश्क करतो. स्वतःचे वळण नंतर येते. येथेही तेच करा. बेटोव्हेन वगैरे जुन्या रचनाकारांच्या स्वरलिप्या इंटरनेटवर पेट्रुची ग्रंथालयात विनामूल्य मिळतात. त्यांतील संथ अशा आठ ओळी निवडा. खऱ्या वाद्यवृंदाचे मुद्रण ऐका, मग तेच आपल्या संगणकावर उतरवा, पुन्हा ऐका, फरक कागदावर लिहा. आधी एकच वाद्य, मग दोन. रिम्स्की-कोर्साकोव्हचा वाद्यवृंदरचनेवरील ग्रंथ १९१३ मध्ये निघाला. तो आजही उपयोगी पडतो. पाश्चात्य स्वरलिपी वाचायला शिकल्याशिवाय मात्र ह्यातले काही साधणार नाही, आणि ती शिकणे इंग्रजी वर्णमाला शिकण्याहून फारसे अवघड नाही.

खर्चाविषयी पालकांना सांगतो. पहिल्या वर्षी महागडे संग्रह घेऊ नका. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९९७ पासून वाद्यांचे स्वर सर्वांसाठी मोफत खुले केले आहेत. म्यूझस्कोर ही स्वरलिपी लिहिण्याची प्रणालीही मोफत आहे आणि २०२२ पासून तिच्यासाठी चांगली वाद्येही मोफत मिळतात. बरा हेडफोन मात्र घ्यावा. आणि मित्राकडून चोरीची प्रत आणू नये. त्या पट्टीमागे माणूस आहे असे मी म्हटले. त्याच्या मजुरीचा हा प्रश्न आहे. हलाल कमाईच्या गोष्टी आपण बाजारापुरत्याच ठेवतो आणि संगणकापाशी विसरतो, हे बरे नाही.

मजुरीचा विषय निघाला म्हणून एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत एके काळी व्हायोलिनवाल्यांच्या रांगा बसत. नौशादसाहेबांनी ‘आन’ (१९५२) साठी सुमारे शंभर वादकांचा ताफा वापरल्याचे सांगतात. गोव्याचे वादक आणि सेबॅस्टियन डिसूझांसारखे संयोजक स्वरलिपी लिहून देत, आणि त्या कामावर कितीतरी चुली पेटत. १९९० च्या दशकात की-बोर्ड आणि संगणक आले आणि त्या रांगा विरळ होत गेल्या. आपले मूल जे वाद्य शिकते आहे, त्यानेच हे केले. म्हणून ते शिकू नये असे मी म्हणत नाही. मालिका, जाहिराती, लघुपट, खेळ ह्यांसाठी लागणारे बरेचसे संगीत आज असेच तयार होते आणि तो एक प्रामाणिक व्यवसाय आहे. पोटापाण्याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. आता तर नुसत्या शब्दांवरून संगीत बनवून देणाऱ्या प्रणाल्याही निघाल्या आहेत. तेव्हा शाळा-कॉलेज सोडून ह्यामागे लागू नका. परंतु काम मिळाले आणि हाती थोडे पैसे असले, तर मुद्रित व्हायोलिनांवर एक तरी जिवंत व्हायोलिनवादक वाजवून घ्या. जाणकार असेच करतात. एका खऱ्या गजाने बाकीच्या पंधरांत जीव येतो आणि एका घरात त्या दिवसाची बिदागी जाते.

मुंबईच्या एन.सी.पी.ए. मध्ये २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. त्याची मैफल असेल तेव्हा मुलांना एकदा तरी न्या. तेथे डोळे मिटून बसू देऊ नका. ओबोवाला केव्हा श्वास घेतो, व्हायोलिनांचे गज एकाच दिशेने कसे जातात, ट्रॉम्बोनवाले किती वेळ नुसते मोजत बसून राहतात, हे त्यांनी वहीत टिपावे, आणि घरी येऊन त्याच रात्री संगणक उघडावा.