शिट्टीविना कुकर



या मालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून आमच्या एका स्नेह्यांनी आम्हाला वाटेतच अडवले आणि विचारले, "काल वेदान्त झाला, उद्या अर्थसंकल्प आहे, मध्येच हा विजेचा कुकर कशाला?" आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, की वेदान्त ऐकून घरी गेलेल्या माणसालाही रात्री जेवावे लागते, आणि ते जेवण कोणी शिजवायचे हा प्रश्न या गावातल्या पुष्कळ घरांत अलीकडे फार अवघड होऊन बसला आहे. मुले परदेशी, घरात दोन म्हातारी माणसे, आणि त्यांतले एक गेले की उरलेले एक. या उरलेल्या एकासाठी आजचे आमचे बोलणे आहे. बाकीच्यांनी करमणूक म्हणून ऐकले तरी आमची तक्रार नाही.

आमचा अधिकार काय, हे आधी सांगितलेले बरे. आम्ही तेहतीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले. दाब वाढला की द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो, हे वाक्य आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहीत असू आणि त्याखाली उदाहरण म्हणून प्रेशर कुकरची आकृतीही काढीत असू. आकृती चांगली येई. परंतु त्या तेहतीस वर्षांत आम्ही स्वतः एकदाही कुकर लावला नाही. तो आमची पत्नी लावीत असे. आमच्याकडे एवढेच काम होते, की ती देवपूजेत असली म्हणजे वर्तमानपत्र वाचता वाचता शिट्ट्या मोजायच्या. आणि त्यातही आम्ही हटकून चुकत असू. "किती झाल्या?" असे तिने विचारले, की आम्ही "दोन किंवा तीन" म्हणत असू. शास्त्राच्या शिक्षकाला हे उत्तर शोभत नाही, असे ती म्हणे.

२०१९ साली ती गेली. पहिले काही महिने डबा लावला. डबा वाईट नव्हता, पण रोज तीच पिवळी आमटी, आणि रविवारी रात्री सुट्टी. पुढे २०२२ साली मुलीकडे न्यू जर्सीत एडिसन येथे काही महिने राहण्याचा योग आला, आणि तिथे तिच्या ओट्यावर हा विजेचा कुकर आम्ही प्रथम पाहिला. आपल्याकडील मंडळींनी त्या देशात या यंत्राला अगदी घरचे करून टाकले आहे. कॅनडातील रॉबर्ट वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली इन्स्टंट पॉट बाजारात आणला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर तुरीची डाळ असेल असे वाटत नाही. पण २०१७ साली उर्वशी पित्रे यांचे भारतीय पदार्थांचे खास या भांड्यासाठी लिहिलेले पुस्तक तिथे निघाले, इतका त्याचा आपल्या स्वयंपाकाशी संबंध जडला.

आम्ही येताना त्यातलाच एक घेऊन आलो आणि घरी येताच भिंतीतल्या खटक्याला लावला. क्षणभर दिवा लागला, एक फट् असा आवाज झाला आणि जळक्या वासाखेरीज काही उरले नाही. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. दाब दुपटीच्या जवळ गेला, की तापणाऱ्या तारेत शक्ती साडेतीन पटींहून अधिक खर्च होते, हे गणित आम्ही स्वतः शेकडो मुलांकडून सोडवून घेतले आहे. मुलीला फोनवर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ओहमचा नियम शिकवायचात ना?" पुढे आम्ही इथेच, इथल्या विजेवर चालणारा घेतला. ज्यांची मुले प्रेमाने तिकडून सामान पाठवतात, त्यांनी भांड्याच्या बुडाशी लिहिलेला आकडा आधी वाचावा.

आता यंत्राकडे वळू. दाबाखाली अन्न शिजवण्याची कल्पना जुनी आहे. डेनी पापँ या फ्रेंच गृहस्थाने १६७९ मध्ये लंडनमध्ये असे घट्ट झाकणाचे भांडे करून दाखवले, आणि ते फुटू नये म्हणून वजनाची झडपही बसवली. आपल्या चुलीवरच्या कुकरची शिट्टी म्हणजे त्या झडपेचीच पणती. आत वाफ कोंडली, की दाब वाढतो. दाब वजनाला भारी झाला, की वजन उचलले जाते, वाफ ओरडत बाहेर पडते आणि वजन पुन्हा बसते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, आपल्या पुण्यात सुमारे ९८ अंशांना, लेहला ८८ च्या आसपास; पण बंद कुकरात ते १२० अंशांच्या घरात जाते, म्हणून डाळ लवकर शिजते.

विजेच्या कुकरात शिट्टी नाही. आत तपमान आणि दाब यांवर लक्ष ठेवणारी साधने असतात. दाब पुरेसा झाला की वीज बंद, उतरला की पुन्हा चालू, असा त्याचा कारभार. आपण सांगितलेली मिनिटे तो दाब चढल्यावरच मोजू लागतो. म्हणून दहा मिनिटांचे वरण प्रत्यक्षात अर्ध्या तासाने ताटात येते. नवशिके इथे फसतात आणि यंत्राला शिव्या देतात. त्याचे तपमान चुलीवरच्या कुकरापेक्षा थोडे कमी, साधारण ११५ ते ११८ अंश असते, म्हणून दोन-चार मिनिटे जास्त लागतात. वाफ बाहेर जात नसल्यामुळे पाणी मात्र कमी लागते. एक हजार वॅटचे भांडे वीस मिनिटे सलग तापले तरी युनिटचा तिसरा हिस्सा खर्च होतो. तेव्हा विजेच्या बिलाची धास्ती नको.

घाई हा त्याचा गुणच नव्हे. त्याचा खरा गुण असा, की त्याच्याजवळ कोणी उभे राहावे लागत नाही. चुलीवरच्या कुकराला राखणदार लागतो, आणि आमच्या घरी ती राखण चाळीस वर्षे कोणी केली हे आम्हाला राखणदार गेल्यावर समजले.

आता आमची फजिती ऐका. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेप्रमाणे आम्ही डाळ सरळ आतल्या भांड्यात घातली. तळाला लागली, आणि यंत्राने लाल अक्षरे दाखवून काम थांबवले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी एकदम सुचले, की आपल्याकडे डाळ कुकरात घालतात कुठे? आपण कुकर 'लावतो'. खाली पाणी, त्यात जाळी, एका डब्यात डाळ, वरच्या डब्यात तांदूळ. ही रीत आपल्या हाडात प्रेशर कुकराच्या आधीपासून मुरली आहे. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर काढला, त्यातही डब्यावर डबा रचून खालच्या निखाऱ्यांच्या वाफेवर सगळे जेवण होत असे. आमच्या काकांकडे तो होता. सडाफटिंग माणसाचा संसारच तो. प्रेशर कुकर आपल्या देशात १९५९ च्या सुमारास होऊ लागले, तेव्हा मराठी घरांनी डबे तसेच त्यात उचलून ठेवले. आम्ही विजेच्या कुकरात तेच केले. डाळीला तळ लागायचा प्रश्नच मिटला. मात्र आपले रुंद जुने डबे त्यात बसत नाहीत. बाजारातून अरुंद आणावे लागतात. टेप घेऊन जा, लाजू नका.

पण आमटी साधेना. वरणभात होई, पण तिची आमटी होईना. तिची एक वही आहे, जुन्या रोजनिशीची, तीत तिने पदार्थ लिहून ठेवले आहेत. आमटीच्या पानावर लिहिले आहे: तूरडाळ, चार शिट्ट्या. चार शिट्ट्या म्हणजे किती मिनिटे? आम्ही तिचा जुना कुकर खाली काढला, शाळेतले थांबघड्याळ हातात घेतले आणि रीतसर प्रयोग मांडला. पहिली शिट्टी व्हायला दहा मिनिटे, पुढे दर दोन मिनिटांनी एक. ज्योत मोठी केली, हिशेब बदलला. डाळ दुप्पट घेतली, पुन्हा बदलला. म्हणजे शिट्टी हे माप नव्हेच. एका घरच्या तीन म्हणजे दुसऱ्या घरच्या पाच. आम्ही मोठ्या विजयाने हा निष्कर्ष लिहून काढला, आणि मग त्याच पानाच्या समासात शिसपेन्सिलीने लिहिलेले दिसले: "आज पाच, डाळ जुनी." खाली दुसऱ्या तारखेला: "तीन पुरे." आणखी एके ठिकाणी: "पाहुणे सात, सहा दिल्या." ती शिट्ट्या मोजीत नव्हती, डाळ ओळखीत होती. मोजायला आम्हाला बसवले होते, ते बहुधा आम्ही स्वयंपाकघरात पाय ठेवावा म्हणून.

त्याच पानावर आणखी एक ओळ आहे आणि तिच्याखाली दोन रेघा: "चिंच डाळ शिजल्यावर. आधी नाही." आम्ही काय केले होते? चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, सगळे डाळीबरोबर एकदम घालून कळ दाबीत होतो. एवढे यंत्र आहे तर दोन वेळा कशाला! आंबट पदार्थाने डाळीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सैल होत नाही, डाळ कितीही वेळ ठेवा, दाताखाली कचकच राहते. जड पाण्यातल्या चुन्यानेही तेच होते. हे रसायन आम्हाला वाचून कळले. तिला दोन रेघांत माहीत होते. टोमॅटो, आमसूल, कैरी, सगळ्यांना हाच नियम.

आमचे आजवरचे आकडे सांगतो, ज्यांना हवे त्यांनी टिपून घ्यावेत. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ आणि वर आंबेमोहोर, डब्यांत, १० मिनिटे. रात्रभर भिजवलेले छोले २० मिनिटे. मोड आलेली मटकी दोनच मिनिटे आणि लगेच वाफ सोडायची, नाहीतर तिचा लगदा होतो. डाळ आणि भात यांची वाफ मात्र लगेच सोडू नये. दहा मिनिटे भांडे आपले आपण निवू द्यावे, नाहीतर डाळीचा फेस झडपेतून भिंतीवर जातो. आमच्या भिंतीवर त्याचा नकाशा आहे.

राजमा आणि साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा यांच्याबद्दल थोडे गंभीरपणे सांगायचे आहे. कच्च्या राजम्यात फायटोहेमाग्लुटिनिन नावाचे एक प्रथिन असते; ते पोटात गेले की जबर उलट्या होतात. खळखळ उकळल्याने किंवा दाबाखाली शिजवल्याने ते नष्ट होते. पण या यंत्रांपैकी काहींना मंद आचेवर सहा-आठ तास शिजवण्याची निराळी कळ असते. त्या कळेवर कच्चा राजमा कधीही टाकू नये. आच उकळीपर्यंत न पोचल्यास दाणा मऊ दिसतो आणि विष तसेच राहते. राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकावे आणि दाबावर तीस मिनिटे ठेवावा. तसेच सकाळी डाळ-तांदूळ पाण्यात घालून संध्याकाळची वेळ लावून जाण्याची सोयही त्यात असते. चैत्र-वैशाखात तिचा मोह धरू नये, संध्याकाळपर्यंत डाळ आंबते.

झाकणातल्या रबरी कड्याला हिंग-लसणाचा वास असा धरतो, की दुसऱ्या दिवशीच्या खिरीला आमटीची आठवण येते. दोन कडी ठेवावीत, एक तिखटाचे, एक गोडाचे. सोवळे-ओवळे या नावाने घराघरांत होते, ते आमच्याकडे असे परत आले आहे.

भाकरी त्यात होत नाही. भेंडी घालाल तर पस्तावाल. फोडणी त्याच भांड्यात देता येते म्हणतात, आम्ही दिली. लोखंडी कढल्यात मोहरी जशी जीव टाकते तशी तिथे टाकत नाही. आम्ही फोडणी वेगळीच करतो.

आता आम्ही त्या वहीत शिट्ट्यांच्या शेजारी मिनिटांचा एक रकाना आखला आहे. पानांची छायाचित्रे दर रविवारी मुलीला पाठवतो. तिचे आणि आमचे आकडे जुळत नाहीत. ती डाळ सरळ भांड्यात शिजवते, म्हणून तिला आठ मिनिटे पुरतात. गेल्या आठवड्यात तिने फोन करून विचारले, "बाबा, आईच्या घेवड्याला किती?" वहीत त्या पानावर शिट्ट्यांचा आकडाच नाही. "दाणा बघून" एवढेच आहे. आम्ही तीस सांगितली, आणि झाकण उघडल्यावर एक दाणा बोटांत दाबून बघ म्हणालो.

अध्यक्षांची घंटा वाजली, ती आम्ही मोजली, एकच आहे. निघताना आम्ही कुकर लावून आलो आहोत. या वेळेपर्यंत तो आपोआप बंद होऊन अन्न गरम राखीत बसला असेल. चिंच आणि फोडणी तेवढी घरी गेल्यावर. ती अजून आम्हाला नीट साधत नाही. मोहरी तडतडायच्या आतच आमच्या हातून हिंग पडतो.